दोन एमआरआय, दोन आकडे : आईच्या हृदयाचं खरं काय?

पत्र

माझी आई ५८ वर्षांची आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी तिला आधी डॉक्सोरुबिसिन दिलं, आता ट्रास्टुझुमॅब चालू आहे. इकोमध्ये तिच्या हृदयाचं चित्र धड दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय करायला सांगितला. उपचारांआधीच्या रिपोर्टमध्ये ईएफ (दर ठोक्याला डावा कप्पा आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा) ६१, जीएलएस उणे १९.४, जीसीएस उणे २०.१ आणि जीआरएस ३८ होता. सहा महिन्यांनी दुसऱ्या केंद्रात केलेल्या एमआरआयमध्ये ईएफ ५७, जीएलएस उणे १७.२, जीसीएस उणे १९.६ आणि जीआरएस २७ आला. शिवाय भिंतीच्या सोळा भागांच्या तक्त्यात एका भागापुढे उणे ९ लिहिलंय. खाली शेरा आहे : ‘हालचालीत सौम्य घट, फीचर ट्रॅकिंग पद्धत’. पहिल्या वेळी बीपी १२८/७८ आणि नाडी ७२ होती. दुसऱ्या वेळी आई घाबरलेली होती, बीपी १५६/९२, नाडी ९६, आणि श्वास रोखताना तिची फार धांदल उडाली. तिला दम लागत नाही, पायावर सूज नाही. डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी पुन्हा बघू. भाऊ म्हणतो, लगेच तिसऱ्या ठिकाणी करून घेऊ. एमआरआयच्या या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तरी किती? घट खरी आहे का? आणि आम्ही आता काय करावं?

उत्तर

ताई, हृदयाच्या स्नायूची हालचाल मोजायला एमआरआय चांगलं साधन आहे. पण दोन केंद्रांतल्या दोन रिपोर्टांमधले आकडे एकमेकांतून वजा करून निष्कर्ष काढावा, इतकं ते साधन एकसारखं चालत नाही. तुमच्या हातात असलेल्या कागदांवरून घट खरी आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. तिसऱ्या केंद्रात जाऊन हा गुंता सुटणार नाही, त्यात तिसरी पद्धत तेवढी जमा होईल. करायचं ते एवढंच : दोन्ही वेळच्या मूळ प्रतिमा एकत्र आणायच्या आणि एकाच माणसाकडून, एकाच सॉफ्टवेअरवर, एकाच बैठकीत पुन्हा मोजून घ्यायच्या. त्यासाठी आईला पुन्हा मशीनमध्ये झोपावं लागत नाही. हे का, ते कळावं म्हणून आकडे येतात कुठून ते आधी पाहू.

स्ट्रेन म्हणजे स्नायू मूळ लांबीच्या किती टक्के आखडला. डावा कप्पा पूर्ण भरलेला असताना भिंतीची लांबी ९० मिलिमीटर होती आणि आकुंचनाच्या शेवटी ७३ झाली, तर फरक उणे १७, आणि १७ भागिले ९० म्हणजे उणे १८.९ टक्के. लांबी कमी होते म्हणून उणे चिन्ह. उणे १९ हे उणे १७ पेक्षा चांगलं, ही गोष्ट घरात सगळ्यांना एकदा समजावून सांगा, कारण फोनवर याचीच सर्वात जास्त गल्लत होते. जीएलएस म्हणजे टोकापासून झडपेपर्यंतच्या उभ्या दिशेतलं आखडणं, जीसीएस म्हणजे परिघाच्या दिशेतलं, आणि जीआरएस म्हणजे भिंतीचं जाड होणं. जाडी वाढते म्हणून हा शेवटचा आकडा धन असतो.

आता यात चूक कशी शिरते ते पाहा. सिने एमआरआयमध्ये, म्हणजे धडधडत्या हृदयाच्या हलत्या चित्रात, एक पिक्सेल साधारण दीड ते दोन मिलिमीटरचा असतो. वरच्या उदाहरणात सॉफ्टवेअरने काठ एका टोकाला फक्त दीड मिलिमीटर चुकवला, तर ७३ चे ७४.५ होतात आणि उत्तर उणे १७.२ येतं. एका पिक्सेलची चूक, आणि ‘ठीक’चं ‘सौम्य घट’ झालं. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर काठावरचे अनेक बिंदू घेऊन सरासरी काढतं, त्यामुळे चूक एवढी ढोबळ राहत नाही. पण ती कोणत्या प्रमाणात असते याचा अंदाज यातून येतो.

हाच हिशेब जीआरएसला लावला की धक्का बसतो. भिंत ९ मिलिमीटरची, आकुंचनात १२.६ झाली, म्हणजे ४० टक्के. तीच दीड मिलिमीटरची चूक इकडे झाली तर १४.१, म्हणजे जवळपास ५७ टक्के, आणि तिकडे झाली तर ११.१, म्हणजे २३ टक्के. मोजायची वस्तूच इतकी लहान आहे की पिक्सेल तिच्या मानाने अवाढव्य ठरतो. तुमच्या पत्रात ३८ वरून २७ ही घसरण सगळ्यात भीतिदायक दिसते, आणि नेमका तोच आकडा सगळ्यात कमी भरवशाचा आहे. तो बाजूला ठेवा. आमच्या मते फीचर ट्रॅकिंगचा जीआरएस रुग्णाच्या रिपोर्टमध्ये छापूच नये. संशोधनात काय करायचं ते करोत.

उणे ९ आलेल्या त्या एका भागाचंही तसंच. सगळ्या भिंतीची सरासरी घेतली की इकडची चूक तिकडच्या चुकीत विरते. एका भागात ती सोय नसते. बाजूच्या आणि मागच्या भिंतीजवळ फुप्फुसातली हवा असते, तिथे प्रतिमेत काळे पट्टे उमटू शकतात. पॅपिलरी स्नायू (कप्प्याच्या आतला, झडपेला धरून ठेवणारा स्नायू) काठाला चिकटलेला दिसला की सॉफ्टवेअर त्यालाच काठ समजून त्याच्या मागे जातं. एकट्या भागाचा आकडा तेव्हाच मनावर घ्यायचा, जेव्हा हलत्या चित्रात डोळ्यांनाही तो भाग मंद दिसतो, किंवा कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरच्या चित्रांत तिथेच व्रण दिसतो. रिपोर्टमध्ये अशा व्रणाचा उल्लेख आहे का, ते बघा. नसेल आणि डॉक्टरांनाही सिनेमध्ये तिथे काही वावगं दिसत नसेल, तर उणे ९ हा बहुधा सॉफ्टवेअरचा घसरलेला पाय आहे.

‘फीचर ट्रॅकिंग’ हा शब्द रिपोर्टवर आहे, तो महत्त्वाचा आहे. एमआरआयने स्नायूची हालचाल मोजायच्या अनेक पद्धती आहेत आणि त्यांचा भरवसा सारखा नाही. १९८८ साली झर्हूनी आणि सहकाऱ्यांनी टॅगिंग मांडलं आणि १९८९ मध्ये अ‍ॅक्सेल व डोहर्टी यांनी त्याची सुटसुटीत रीत दिली. कापडावर शाईने चौकटी आखाव्यात आणि कापड ओढल्यावर त्या किती वाकड्या झाल्या ते पाहावं, तसं इथे ठोक्याच्या सुरुवातीला चुंबकत्वाच्या काळ्या रेघा खुद्द स्नायूत उमटवतात. रेघा स्नायूच्या आतच असल्याने हालचाल खऱ्या अर्थाने स्नायूची मोजली जाते. प्राण्यांच्या हृदयात बसवलेल्या ध्वनिलहरींच्या स्फटिकांशी ती ताडूनही पाहिलेली आहे. अडचण अशी की रेघा साधारण ५ ते ८ मिलिमीटर अंतरावर असतात, आणि स्नायूचा टी१ काळ (चुंबकत्व पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनवर सुमारे एक सेकंद असल्याने ठोका संपता संपता त्या विरून जातात. तीन टेस्लावर त्या थोड्या जास्त टिकतात. १९९९ मध्ये आलेली डेन्स आणि २००१ मधली सेंक या पद्धती यापेक्षा बारीक मोजतात. पण या सगळ्यांसाठी वेगळी प्रतिमा-मालिका घ्यावी लागते आणि नेहमीच्या केंद्रांत ती घेतली जातेच असं नाही.

फीचर ट्रॅकिंगला वेगळं काही लागत नाही. ईएफसाठी घेतलेलं नेहमीचं सिने उघडायचं, आतला आणि बाहेरचा काठ आखायचा, आणि सॉफ्टवेअर तो काठ फ्रेममागून फ्रेम शोधत जातं. सोय मोठी, म्हणूनच ती सगळीकडे पसरली. पण सिनेमध्ये स्नायू आतून एकसारखा करडा दिसतो. पकडण्यासारखी खूण फक्त काठावर असते. म्हणजे सॉफ्टवेअर स्नायू मोजत नाही, स्नायू आणि रक्त यांच्यातली सीमारेषा मोजतं. ती ठळक असेल तर आकडा चांगला, पुसट असेल तर आकडा केवळ अंदाज. गॅडोलिनियमचं, म्हणजे कॉन्ट्रास्टचं, इंजेक्शन दिल्यानंतर सिने घेतलं तर सीमारेषेचा उठाव बदलतो. एकदा इंजेक्शनच्या आधी आणि एकदा नंतर घेतलेली सिने ताडू नयेत.

त्यात हृदय एका पातळीत हलत नाही. आकुंचनात मायट्रल झडपेची पातळी टोकाकडे साधारण १२ ते १५ मिलिमीटर सरकते, टोक मात्र जवळजवळ जागीच राहतं. शॉर्ट अ‍ॅक्सिसची स्लाइस, म्हणजे हृदयाचा आडवा काप, ६ ते ८ मिलिमीटर जाडीची आणि अवकाशात स्थिर. म्हणजे झडपेजवळच्या स्लाइसमध्ये ठोक्याच्या सुरुवातीला जो स्नायू होता, तो शेवटी तिथे नसतोच. वरून दुसराच स्नायू खाली आलेला असतो. सॉफ्टवेअरला याचा पत्ता नसतो. जीसीएससाठी मधल्या स्लाइस घेतल्या की हा त्रास बराच कमी होतो, म्हणून फीचर ट्रॅकिंगमध्ये जीसीएस बहुतेक वेळा सगळ्यात स्थिर निघतो, त्याच्या पाठोपाठ जीएलएस. तुमच्या आईचा जीसीएस २०.१ वरून १९.६ झाला, म्हणजे अर्ध्या अंकाचा फरक. हा बदल नव्हेच. मात्र एवढ्यावरून जीएलएसची घट खोटी ठरत नाही, कारण औषधांच्या त्रासात उभ्या दिशेतलं आखडणं आधी कमी होऊ शकतं.

आता दोन केंद्रांचा मुद्दा. सीव्हीआय४२, क्यूस्ट्रेन, टॉमटेक ही नावं तुम्हाला रिपोर्टच्या तळाशी सापडतील. तीच प्रतिमा दोन सॉफ्टवेअरना दिली तरी जीएलएसमध्ये काही अंकांचा फरक पडू शकतो, आणि यात कोणाचीच चूक नसते. एक फक्त आतल्या काठावरचा स्ट्रेन देतं, दुसरं आतला आणि बाहेरचा मिळून. आतला काठ नेहमीच जास्त आखडतो, त्यामुळे त्याचा आकडा मोठा. एक सगळ्या भागांच्या आपापल्या कमाल आकड्यांची सरासरी घेतं, दुसरं आधी सरासरी आलेख काढून त्याचा कमाल बिंदू घेतं. पहिल्या रीतीत आकडा मोठा येतो. एक दोन, तीन आणि चार कप्प्यांची तिन्ही लाँग अ‍ॅक्सिस दृश्यं (हृदयाचे उभे काप) वापरतं, कुठे फक्त दोनच वापरली जातात. ‘जीएलएस उणे १७.२’ या छापील ओळीत यातलं काहीच दिसत नाही, पण दशांश चिन्ह मात्र रुबाबात बसलेलं असतं. ‘सौम्य घट’ हा शेराही कशाच्या तुलनेत? बहुतेकदा सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या सर्वसाधारण मर्यादेच्या तुलनेत. तुम्हाला हवी आहे ती आईच्याच आधीच्या हृदयाशी तुलना.

मशीनवर प्रतिमा घेतानाही गोष्टी बिघडतात, आणि तुमच्या पत्रातले तपशील पाहता दुसऱ्या वेळी त्या बिघडल्या असण्याची शक्यता बरीच आहे. सिनेची एक स्लाइस एका ठोक्यात पूर्ण होत नाही. साधारण ८ ते १२ सेकंदांच्या एका श्वासरोखीत अनेक ठोक्यांमधून थोड्या थोड्या रेषा गोळा करून ती जोडतात. श्वास मध्येच सुटला की काठ दुहेरी किंवा धूसर होतो. प्रत्येक स्लाइसला श्वास वेगवेगळ्या पातळीवर रोखला गेला तर हृदय वरखाली सरकतं आणि शेजारच्या दोन स्लाइसमध्ये तोच भाग दोनदा येतो, किंवा एक भाग अजिबात येत नाही. मध्येच एखादा ठोका अवेळी पडला तरी तसाच गोंधळ.

नाडीचाही परिणाम आहे. एका फ्रेमसाठी १४ रेषा आणि प्रत्येक रेषेला ३ मिलिसेकंद, असा हिशेब धरला तर खरी काळ-सूक्ष्मता ४२ मिलिसेकंद. नाडी ७२ असताना ठोका ८३३ मिलिसेकंदांचा, त्यात अशा सुमारे २० खऱ्या फ्रेम बसतात. नाडी ९६ झाली की ठोका ६२५ मिलिसेकंदांचा आणि खऱ्या फ्रेम जेमतेम १५. पडद्यावर मात्र दोन्ही वेळा २५ दिसतात, कारण मधल्या फ्रेम संगणक भरून काढतो. आकुंचनाचा कमाल क्षण थोडा वेळच टिकतो. फ्रेम विरळ झाल्या की तो शिखरबिंदू बोथट होतो आणि स्ट्रेन खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. स्ट्रेनसाठी ४५ मिलिसेकंदांपेक्षा ढोबळ सिने स्वीकारू नये, आणि वेगवान नाडीला त्याहून बारीक घ्यावं. मशीनवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला रेषांची संख्या कमी करता येते. फक्त मग श्वास जास्त वेळ रोखावा लागतो. घाबरलेल्या रुग्णापुढे तोच पेच असतो.

हे झालं मोजमापाचं. रक्तदाबाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्यामुळे हृदयाची हालचाल खरोखरच बदलते. बीपी १२८ वरून १५६ वर गेलं म्हणजे डाव्या कप्प्याला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागलं. अशा वेळी तोच निरोगी स्नायू कमी आखडतो, आणि जीएलएस यापायी सहज खाली येतो. पाणी कमी प्यायलं असेल, उलट्या झाल्या असतील, तर कप्पा कमी भरतो आणि आकडा आणखी उतरतो. केमोनंतर हिमोग्लोबिन कमी असेल तर नाडी वाढते. म्हणून दुसऱ्या रिपोर्टमधली घट खरी असली तरी ती औषधामुळे आहे की त्या दिवशीच्या रक्तदाबामुळे, हा प्रश्न उरतोच. आईचं बीपी एरवीही १५० च्या वर राहत असेल तर मात्र ते लपवू नका. या औषधांवर असताना रक्तदाब आटोक्यात ठेवणं ही हृदयासाठी करता येण्यासारखी अगदी हातातली गोष्ट आहे.

ईएफ ६१ चा ५७ झाला, त्याबद्दल. ईएफ मोजण्यात एमआरआय इकोपेक्षा उजवा आहे, हे २००२ मध्ये ग्रोथ्यूस आणि सहकाऱ्यांनी त्याच माणसांचं दोनदा स्कॅन करून दाखवलं. तरीही गटागणिक दोन स्कॅनमधला ईएफचा फरक, चलन-गुणांकाच्या भाषेत (म्हणजे सरासरीच्या किती टक्के विखुरणं), २.४ ते ७.३ टक्क्यांपर्यंत होताच. सगळ्यात मोठी गोम झडपेजवळच्या स्लाइसमध्ये असते. समजा भरलेल्या कप्प्याचं आकारमान १५० मिलिलिटर आणि आकुंचनानंतरचं ६५. ईएफ आला ५६.७. आता आकुंचनाच्या शेवटी वरची एक स्लाइस कप्प्यात धरायची की त्याच्या वरच्या अलिंदात, यावर दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडलं. ती स्लाइस साडेतीन सेंटिमीटर व्यासाची आणि मधल्या अंतरासह एक सेंटिमीटर जाडीची असेल तर तिच्यात ९.६ मिलिलिटर बसतात. धरली तर ६५ चे ७४.६ होतात आणि ईएफ ५०.३. स्नायू तोच, प्रतिमा तीच, आणि सहा अंक गेले. त्यापुढे तुमचे चार अंक काहीच नाहीत.

मग किती बदल झाला म्हणजे बदल झाला असं समजायचं? युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, लक्षणं नसताना आणि ईएफ ५० किंवा त्याहून जास्त असताना, जीएलएस मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घसरला किंवा ट्रोपोनिनसारख्या रक्तचाचण्या नव्याने वाढल्या, तर तो औषधाचा सौम्य परिणाम धरायचा. इथे १५ टक्के म्हणजे १५ अंक नव्हेत. आईचा मूळ आकडा १९.४, त्याचे १५ टक्के २.९, म्हणजे उणे १६.५ च्या अलीकडे, म्हणजे १६ कडे, सरकला तर ती रेषा ओलांडली. सध्याची घट २.२ अंकांची, ११.३ टक्के. रेषेच्या आत आहे, पण फार दूर नाही, म्हणून डॉक्टरांचं ‘तीन महिन्यांनी पुन्हा’ हे टाळाटाळीचं उत्तर नाही. ट्रास्टुझुमॅब चालू असताना दर तीन महिन्यांनी हृदय तपासणं ही रीतच आहे. एक सावधगिरी : ही १५ टक्क्यांची रेषा मुख्यतः इकोच्या अनुभवावरून आलेली आहे. एमआरआयला ती जशीच्या तशी लावणं ही सोय आहे, पक्का नियम नाही.

केंद्राला विचारण्याजोगा खरा प्रश्न हा : ‘तुमच्याकडे एकाच माणसाचा एमआरआय थोड्या अंतराने दोनदा केला, तर जीएलएसमध्ये किती फरक पडतो?’ उत्तर एका माणसाच्या आतल्या प्रमाण विचलनाच्या रूपात (त्याच माणसाचे आकडे पुन्हा मोजताना किती विखुरतात, त्या रूपात) मिळालं तर त्याला २.७७ ने गुणा. ते १.० असेल तर २.८ अंकांपर्यंतचा फरक नुसत्या मोजमापातूनही येऊ शकतो, आणि आईचे २.२ त्यात बुडतात. ते ०.६ असेल तर मर्यादा १.७ ची, आणि मग २.२ ला अर्थ येतो. बहुतेक ठिकाणी उत्तर वेगळंच मिळेल : ‘आमचा सहसंबंध ०.९५ आहे.’ म्हणजे दोन मोजण्या एकमेकींशी जवळपास जुळतात, १ म्हणजे पूर्ण जुळणी. त्यावर जाऊ नका. तो आकडा बहुधा त्याच प्रतिमा त्याच डॉक्टरांनी दोनदा मोजून काढलेला असतो. माणूस बदलला की फरक वाढतो, आणि रुग्णाला उठवून पुन्हा झोपवलं, नवीन प्रतिमा घेतल्या, की आणखी वाढतो. तुम्हाला लागू पडतो तो हा शेवटचा प्रकार. शिवाय गटात अगदी निरोगी आणि अगदी आजारी माणसं एकत्र घातली की सहसंबंध आपोआप चांगला दिसतो.

आता कामाला लागा. दोन्ही केंद्रांकडून पूर्ण अभ्यासाच्या डायकॉम फाइल (मशीनवरच्या मूळ प्रतिमा) मागा, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. फिल्म किंवा रिपोर्टला जोडलेली निवडक चित्रं चालणार नाहीत. हृदयाच्या पूर्ण एमआरआयमध्ये शेकडो, कधी हजाराच्या वर प्रतिमा असतात. सीडीत वीस-तीसच निघाल्या तर परत जा. शॉर्ट अ‍ॅक्सिसचा संपूर्ण संच आणि लाँग अ‍ॅक्सिसची तिन्ही दृश्यं, दोन्ही हलत्या रूपात, आहेत ना ते तिथेच संगणकावर उघडून बघा. पहिल्या केंद्राला आधी गाठा, जुन्या प्रतिमा कायम ठेवल्या जातीलच असं नाही.

मग आईच्या हृदयरोगतज्ज्ञांना विनंती करा, की त्यांनी हृदयाच्या एमआरआयचा सराव असलेल्या एका रेडिओलॉजिस्टकडून दोन्ही अभ्यास शेजारी शेजारी मोजून घ्यावेत. कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे मोजणाऱ्याला न सांगता मोजलं तर उत्तम. त्यांनी पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. आखलेला काठ चित्र चालू असताना स्नायूला चिकटून राहतो का, झडपेच्या बिजागरीवरून घसरतो का. स्ट्रेनचा आलेख शून्यापासून निघून एकच सुबक खड्डा करून ठोक्याच्या शेवटी शून्याजवळ परत येतो का; उणे ५ वर अडकला असेल तर ट्रॅकिंग वाहत गेलेलं आहे. काठ बिघडलेल्या स्लाइस किंवा भाग दोन्ही अभ्यासांतून सारखेच वगळले का. नव्या रिपोर्टमध्ये सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती, आतल्या काठाचा की पूर्ण जाडीचा स्ट्रेन, आणि प्रतिमांचा दर्जा कसा होता, एवढं लिहून घ्या. दुसऱ्या अभ्यासाचा दर्जाच मोजण्याजोगा नाही असं उत्तर आलं, तर तेही उपयोगाचं उत्तर आहे, आणि तेवढ्यापुरता एमआरआय लवकर पुन्हा करायला हरकत नाही. स्ट्रेनसाठी कॉन्ट्रास्ट लागत नाही आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात.

पुढचा एमआरआय, तीन महिन्यांनी असो की आधी, शक्यतो पहिल्याच केंद्रात, त्याच टेस्लाच्या मशीनवर करा. पहिल्या अभ्यासाची सीडी बरोबर न्या, म्हणजे तंत्रज्ञाला स्लाइसची दिशा, जाडी आणि अंतर तसंच ठेवता येईल. आईकडून आठवडाभर सराव करून घ्या : सहज श्वास सोडायचा आणि सोडलेल्या स्थितीत १० ते १२ सेकंद थांबायचं. भरलेला श्वास दर वेळी वेगळ्या पातळीवर थांबतो, सोडलेला बराचसा त्याच जागी. जमत नसेल तर आधीच सांगा. मधे विश्रांती देता येते, किंवा कमी वेळ रोखण्याचं सिने घेता येतं. आत जाण्याआधी दहा मिनिटं शांत बसवून बीपी आणि नाडी घ्या आणि रिपोर्टवर लिहायला लावा. बीपी पुन्हा १५० च्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलायचा का, ते डॉक्टरांना विचारा. बीपीच्या गोळ्या नेहमीच्या वेळेला घ्यायच्या. एकदा घेऊन आणि एकदा न घेता केलेले स्कॅन ताडता येत नाहीत.

दरम्यान ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी) या रक्तचाचण्या उपचारांआधी झाल्या होत्या का ते शोधा आणि आता करायच्या का ते विचारा. त्यांना श्वास रोखावा लागत नाही आणि काठही आखावा लागत नाही. त्यातही मागच्या वेळची प्रयोगशाळा आणि तीच पद्धत ठेवा.

एकत्र मोजल्यावर जीएलएसची घट १५ टक्क्यांच्या वर निघाली, किंवा ट्रोपोनिन अथवा एनटी-प्रोबीएनपी वाढलेलं निघालं, तर तीन महिने थांबू नका. त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ दोघांनाही भेटा. चालताना नवीन दम लागणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, पावलांवर सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलोंच्या आसपास वजन वाढणं, छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर कोणताही आकडा न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे. ट्रास्टुझुमॅबचा डोस मात्र या दोन रिपोर्टांच्या जोरावर घरच्या घरी चुकवायचा नाही. तो पुढे न्यायचा की नाही, हे ते दोन डॉक्टर मिळून ठरवतील.